वाचलेल्या माणसाची विचारपूस

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा म्हणजे जयसिंगपुरात उसाचे दिवस. विक्रमसिंह मैदानावरच्या ऊस परिषदेत काय ठरले किंवा ठरणार, कुठल्या कारखान्याचा बॉयलर पेटला, तोडणीची टोळी आपल्या फडात कधी येणार, याखेरीज चहाच्या गाड्यावर दुसरा विषय नसतो. याच दिवसांत 29 तारखेला जागतिक पक्षाघात दिन येतो आणि बहुधा कुणाला न कळता जातो. 2004 साली व्हँकुव्हरला भरलेल्या जागतिक परिषदेत हा दिवस ठरला. तेव्हापासून दरवर्षी त्याचा मुख्य निरोप साधारण तोच असतो: तोंड वाकडे झाले, हातातली ताकद गेली, जीभ अडखळली, तर तेल चोळत बसू नका, तडक दवाखाना गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हा निरोप अजून शेवटच्या वाडीवस्तीपर्यंत पोचलेला नाही आणि तो पोचवलाच पाहिजे. पण तो पहिल्या काही तासांपुरता आहे. त्यानंतर माणूस पाच, दहा, वीस वर्षे जगतो. त्या वर्षांबद्दल फलकावर सहसा काही लिहिलेले नसते.

जयसिंगपूर तसे नशीबवान गाव. महापुराचे दिवस सोडले तर अंकलीचा पूल ओलांडला की सांगली आणि मिरज. मिरजेत 1894 पासून वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल, पुढे 1962 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, आणि त्यांच्या आसपास वाढलेली दवाखान्यांची आख्खी पेठ. आपल्या शिरोळ तालुक्यातला रुग्ण ज्या वेळेत मेंदूच्या डॉक्टरपुढे पोचू शकतो, ती वेळ महाराष्ट्रातल्या अनेक तालुक्यांना स्वप्नातही मिळत नाही. म्हणून इथे माणसे वाचतात. वाचून परत गल्लीत येतात. आणि मग ज्याची तयारी कुणीच केलेली नसते, ते सुरू होते.

घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस पाहुण्यांचे. नारळपाणी येते, मोसंबी येतात, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: "तात्या, जिवावरचं बोटावर निभावलं, देवाचे उपकार माना." तात्या मान हलवतात. बोलण्यात खोटे काहीच नसते, फक्त ते बोट तात्यांच्या उजव्या हाताचे असते. महिन्या-दोन महिन्यांत पाहुणे ओसरतात. फायलीत रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्ट्रॉलची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि फिजिओथेरपिस्टचा फोन नंबर असतो. सुरुवातीला तात्या व्यायाम करतात. पुढे एक दिवस 'आज नको' म्हणतात. मग 'उद्यापासून'. मग कूस बदलून भिंतीकडे तोंड करतात. जेवण अर्ध्यावर येते, पहाटे तीनलाच जाग येते, आणि कधीतरी सहज बोलल्यासारखे म्हणतात, "कशाला एवढा खर्च करताय माझ्यावर?"

घरच्यांना यात तीनच गोष्टी दिसतात: आळस, हट्ट किंवा लाडावलेपणा. मग समजूत घालणे सुरू होते. मन खंबीर करा, अमक्याला बघा, त्याला तर दोन्ही पाय नव्हते, तरी त्याने दुकान काढले. शेवटी चिडचिड. चिडचिडीनंतर दोन्हीकडून अबोला.

यातले बरेचसे मनाच्या कमकुवतपणाचे नसते, आजाराचे असते. हे डॉक्टरांना माहीत आहे, पण डिस्चार्जच्या वेळी फारसे सांगितले जात नाही. जगभरच्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे की पक्षाघातातून वाचलेल्या दर तिघांपैकी साधारण एकाला पुढच्या काळात नैराश्याचा आजार गाठतो. पहिल्या वर्षात तो सर्वाधिक दिसतो, पण काहींना दोन-तीन वर्षांनीही होतो. ज्यांना तो होतो त्यांची हातापायांची सुधारणा मंदावते, गोळ्या चुकतात आणि मृत्यूचा धोकाही वाढतो. म्हणजे ज्या फिजिओथेरपीवर घराने पदरमोड करून पैसा घातला, तिचेच फळ या दुखण्यामुळे हातचे जाते.

'हात गेला म्हटल्यावर माणूस दुःखी होणारच, त्यात आजार कसला?' असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि जुना आहे. 1977 साली मार्शल फोल्स्टीन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासून पाहिला. एका बाजूला पक्षाघाताचे रुग्ण, दुसऱ्या बाजूला हाडांच्या दुखण्याने तितकेच परावलंबी झालेले रुग्ण. अपंगत्व जवळपास सारखे असूनही पक्षाघातवाल्यांत नैराश्य बरेच अधिक निघाले. अभ्यास छोटा होता, पण त्याने एक दिशा दाखवली. ज्या मेंदूने दुःख पेलायचे, त्याच मेंदूला इजा झालेली असते. पुढे मेंदूच्या डाव्या पुढच्या भागातल्या इजेमुळेच नैराश्य येते, असेही एक मत जोरात होते. नंतरच्या मोठ्या पडताळ्यांत ते टिकले नाही. आज तज्ज्ञ साधारणपणे असे मानतात की मेंदूतली मोडतोड आणि आयुष्यातली मोडतोड दोन्ही मिळून हे घडवतात. आम्हाला हे उत्तर पटते, कारण आयुष्यातली मोडतोड इथल्या घरांत ठळक दिसते.

उसाच्या बिलाचेच घ्या. बिल बँकेत जमा होते. काढायला गेले तर तीस वर्षांची वळणदार सही आता जुळत नाही. काउंटरवर साक्षीदारासमोर अंगठा उठवावा लागतो. ज्याने सोसायटीच्या निवडणुका लढवल्या, चारचौघांच्या भांडणात मध्यस्थी केली, त्या माणसाने गावातल्या बँकेत ओळखीच्या लोकांपुढे अंगठा टेकवायचा. मोटारसायकल सुटलेली असते, म्हणजे शेतावर जायचे तर मुलाला विचारायचे. मुलगा नाही म्हणत नाही, 'थांबा जरा' म्हणतो.

बाईचे आणखी वेगळे. एका हाताने भाकरी थापता येत नाही. पीठ मळता येते एक वेळ, पण थापायला दुसरा तळवा लागतोच. जिच्या भाकरीची नणंदा-जावांत तारीफ होती, ती आता सुनेने वाढलेल्या ताटावर बसते. तिला कसे वाटते हे विचारायला कुणी येत नाही, कारण बाई पुन्हा ओट्याशी उभी राहिली की घराच्या लेखी ती बरी झाली. पुरुष भिंतीकडे तोंड करून झोपला की निदान दिसते तरी. बाई रडायची ती मोरीत रडते. नवरा-बायकोतली जवळीक तुटते, त्याबद्दल डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाहीत.

रडण्यावरून एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण तिने घरोघरी गैरसमज होतात. पक्षाघातानंतर काहींचा रडण्या-हसण्यावरचा ताबाच सुटतो. टीव्हीवरची जाहिरात पाहून हुंदका येतो. मयताच्या घरी बसले असताना हसू फुटते आणि आवरत नाही. आत तेवढे दुःख किंवा तेवढा आनंद नसतोच. ही मेंदूच्या तारांची गडबड असते. काही क्षणांत ती थांबते, आणि मागे राहते ती शरम. हा प्रकार म्हणजे नैराश्य नव्हे, पण दोन्ही एकत्र असू शकतात, आणि दोन्हींवर औषध आहे. घरच्यांनी त्या क्षणी 'रडू नका' म्हणण्यापेक्षा विषय बदलावा, पाणी द्यावे. लाजेपायी मग असा माणूस लग्नाला जात नाही, कीर्तनाला जात नाही, आणि आपण म्हणतो की तो माणूसघाणा झाला.

याउलट काहींना रडूही येत नाही आणि रागही येत नाही. तासन् तास बसून राहतात, विचारले तर बरे आहे म्हणतात. ही उदासीनता नैराश्यासारखी दिसते, पण ती वेगळी असू शकते. तिला डॉक्टरच ओळखतील.

सर्वांत अवघड अवस्था वाचा गेलेल्यांची. शरीराची उजवी बाजू लुळी पडते तेव्हा इजा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते. शब्द सापडत नाहीत, कळते मात्र पुष्कळ. तरीही घरातले त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलत राहतात, जणू खोलीत ते नाहीतच. 'उदास वाटते का?' या प्रश्नाला ज्याला उत्तर देता येत नाही, त्याचे नैराश्य कुठल्या तपासणीत येणार? तिथे झोप, भूक, चेहरा, व्यायामाला दिलेला नकार हेच वाचावे लागते, आणि ते रोज पाहणारी माणसे घरातलीच असतात.

इथे महाराष्ट्राला एक मोठे नाव आठवते. जोतीराव फुले यांना 1888 च्या मे महिन्यात मुंबईत लोकांनी 'महात्मा' म्हटले, आणि जुलैत पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू निकामी केली. त्यानंतर त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून काढले, असे चरित्रकार सांगतात. 1889 च्या एप्रिलमध्ये ते पुरे झाले, 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले, आणि पुस्तक 1891 मध्ये छापून आले. ज्या शाहू महाराजांनी जोतीरावांच्या सत्यशोधक विचाराला कोल्हापुरात आश्रय दिला, त्यांनीच आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने हे जयसिंगपूर वसवले. तेव्हा या गावाने जोतीरावांची आठवण काढावी हे ओघानेच येते.

पण ही आठवण आपण कशासाठी काढतो? बहुतेक भाषणांत डावा हात येतो तो इच्छाशक्तीचा दाखला म्हणून. 'बघा, इतक्या आजारातही त्यांनी ग्रंथ लिहिला.' पलंगावर पडलेल्या तात्यांना हे ऐकवले की त्यांना धीर येत नाही, आपण आणखीच कमी पडलो असे वाटते. त्या गोष्टीत डाव्या हाताखेरीज इतर माणसेही होती. उपचाराला स्नेही डॉक्टर विश्राम रामजी घोले होते. घरात सावित्रीबाई होत्या. आजारपणातच, 1889 च्या फेब्रुवारीत, दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न सत्यशोधक पद्धतीने लागले, म्हणजे घर आजाऱ्याभोवती गोठून बसले नव्हते, आणि जोतीराव ज्यासाठी जन्मभर झगडले ते त्यांच्याच घरात घडत होते. पैशाची ओढाताण झाली तेव्हा मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना 1890 मध्ये पत्र लिहून मदत मागितली. मित्राच्या आजारपणात मित्राने लाज न बाळगता दुसऱ्याचा दरवाजा ठोठावला. आणि नशिबाचाही एक भाग होता: उजवी बाजू जाऊनही त्यांचे शब्द शाबूत राहिले. त्या दोन-अडीच वर्षांत जोतीरावांच्या मनात काय चालले होते, याविषयी कुणी ठामपणे बोलू नये. मात्र डॉक्टर, सोबत, पैसा आणि कुणीतरी वाट पाहत असलेले काम, या चार गोष्टी त्यांच्याभोवती होत्या, हे नोंदलेले आहे. तात्यांना यातले काय मिळते?

डॉक्टर मिळतो, पण मेंदूचा. मनाच्या डॉक्टरचे नाव काढले की उत्तर ठरलेले: "मला काय येड लागलंय?" हे उत्तर फक्त अडाण्यांचे नाही, शिकलेली मुलेही वडिलांना तिकडे नेताना गल्लीतल्या लोकांना 'डोळे दाखवायला गेलतो' असे सांगतात. सोबतीचे म्हणाल, तर आपल्या जयसिंगपुरातल्या गल्ल्या सरळ, आखून काढलेल्या, नंबर घातलेल्या. पक्षाघातानंतर चालायचा सराव करायला असे गाव शोधून सापडायचे नाही. पण चालणारा दिसला की प्रत्येक उंबऱ्यावरून 'आता कसं हाय?' असे विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात माया असते. उत्तर देणाऱ्याला मात्र तो रोज नव्याने आपल्या पायाचा हिशेब द्यावा लागतो. काहींनी म्हणून फिरणेच सोडून दिले आहे. त्यांना उसाचा दर विचारा, पोराच्या परीक्षेचे विचारा, पायाचे नका विचारू.

नैराश्यावर औषध आहे, आणि ते नशेचे औषध नाही. नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करू नयेत, आणि बरे वाटले म्हणून मनाने एकदम थांबवूही नयेत. सवय लागते ती बऱ्याचदा चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळीची, आणि तिने रात्री तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. उलट टोकही गाठायला नको. पक्षाघात झालेल्या सगळ्यांनाच फ्लुओक्सेटिन दिले तर हातपाय लवकर सुधारतील, अशी एक आशा मध्यंतरी जगभर होती. ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2018 साली आला. हातापायांत फरक पडला नाही. नवे नैराश्य कमी झाले, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. म्हणून ज्याला आजार आहे त्यालाच, डॉक्टरच्या देखरेखीखाली, रक्त पातळ करण्याच्या गोळीशी मेळ बघून औषध द्यायचे. सोबत बोलण्याचा उपचार, म्हणजे समुपदेशन. आणि व्यायाम, जो शरीराइतकाच मनाचाही उपचार आहे.

उपचार चालू ठेवून दर्शनाला नृसिंहवाडीला जाणाऱ्यांना आम्ही अडवणार नाही. घराबाहेर न पडणारा माणूस दत्ताच्या दर्शनासाठी गाडीत बसत असेल तर ती मोठीच गोष्ट आहे. घाटाच्या पायऱ्यांवर लुळ्या बाजूला एक माणूस उभा राहावा, आणि गोळ्यांचा डबा घरी विसरू नये, एवढेच.

एक विषय टाळून चालणार नाही. पक्षाघातानंतर आत्महत्येचा धोका वाढतो. 'माझं ओझं झालंय', 'मी नसलेलाच बरा' अशी वाक्ये कानावर पडली तर ती बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देऊ नयेत. सरळ विचारावे: जीव नकोसा वाटतो का, स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. शेतीची औषधे घरात असतील तर ती कुलपात किंवा दुसऱ्याकडे ठेवावीत, आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा सुरू आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते, आणि तो रुग्णाऐवजी सुनेने केला तरी चालतो.

सुनेचे नाव आले ते सहज नव्हे. या आजारात अंथरुणाला खिळतो एक, पण अडकतात दोघे. सकाळची संडास-आंघोळ, दुपारचा व्यायाम, रात्री कुशी बदलणे, आणि वर 'तू नीट करत नाहीस' हे ऐकणे, हे सारे एका बाईवर येते, मग ती बायको असो, सून असो की माहेरी परत बोलावलेली मुलगी. तिलाही नैराश्य येते, हे अभ्यासांतून दिसले आहे, आणि तिच्या नावाची फाईल तर कुठल्याच दवाखान्यात नसते. आठवड्यातून एक दुपार दिराने किंवा मुलाने खाटेजवळ बसावे आणि तिने कुठेही जावे, जत्रेला, बाजाराला, नाहीतर नुसते झोपायला.

सरकारने काय करावे याची मोठी यादी देता येईल. मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 1982 चा, जिल्हा कार्यक्रम 1996 चा. 2017 च्या कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा द्यायला सांगितले. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांसाठी 2010 साली राष्ट्रीय कार्यक्रम आला. कागदावर पुष्कळ आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने देशात उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण आजारागणिक 70 ते 92 टक्के असल्याचे सांगितले. त्या सर्वेक्षणातल्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आपले आपण काय ते समजून घ्यायचे.

पण एक गोष्ट नवे पैसे न लागता होऊ शकते. तिशीपुढच्या प्रत्येकाची माहिती आशाताई जो तक्ता घेऊन भरतात, त्यात मधुमेह आणि रक्तदाबाबरोबर मनाविषयी दोन प्रश्न आधीच छापलेले आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी वाटेनाशी झाली का, आणि खिन्न, हताश वाटले का. उत्तरांना गुण आहेत, ठरावीक गुणांच्या वर गेले की वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे. हे दोन प्रश्न पक्षाघाताच्या घरी डिस्चार्जनंतर तिसऱ्या महिन्यात, मग सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा विचारले जावेत. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी तेवढा आदेश काढावा. मिरज-सांगलीच्या रुग्णालयांनी डिस्चार्जच्या कागदावर फिजिओथेरपीच्या ओळीखाली मानसोपचाराची एक ओळ घालावी आणि तारीख लिहावी, कारण तारीख नसलेल्या सल्ल्यावर आपल्याकडे कुणी जात नाही. साखर कारखाने हंगामाच्या तोंडावर आरोग्य शिबिरे घेतात, साखर तपासतात, डोळे तपासतात. तिथे एक खुर्ची समुपदेशकाची ठेवावी.

आणि गावातल्या फिजिओथेरपिस्टांनी, जे आठवड्यातून दोन-तीनदा त्या खोलीत जातात आणि घरच्यांखालोखाल रुग्णाला जवळून पाहतात, त्यांनी हात वर-खाली करवून घेताना मधेच थांबून विचारावे: "तात्या, झोप लागते का? आज का नको म्हणता?" आणि उत्तर ऐकून ते मुलाला नाही, मिरजेच्या डॉक्टरला फोन करून सांगावे.